चॅटबॉट की पडदाभर वस्तू? अ‍ॅप बनवून घेण्याआधी

सोसायटीसाठी अ‍ॅप बनवून घ्यायला बसलं की हल्ली डेव्हलपर पहिल्याच बैठकीत विचारतो, "चॅटबॉट ठेवायचा का?" हो-नाही म्हणण्याआधी ठरवा, की सभासदाने त्या पडद्याला काय समजायचं: बोलणारं कुणीतरी, की हाताने हलवता येतील अशा वस्तूंची जागा? एडविन हचिन्स, जेम्स हॉलन आणि डॉन नॉर्मन या संशोधकांनी १९८५ साली ही दोन रूपकं समोरासमोर ठेवली. एक संवादाचं, दुसरं प्रतिसृष्टीचं, म्हणजे पडद्यावर उभ्या केलेल्या वस्तूंच्या जगाचं. निवडीसाठी आजही मला हीच जोडी सगळ्यात उपयोगी वाटते.

प्रतिसृष्टीचा गाजलेला नमुना म्हणजे १९८१ सालचा झेरॉक्स स्टार हा संगणक. पडद्यावर कार्यालयातलं टेबल, त्यावर कागद, फोल्डर, आलेल्या-गेलेल्या टपालाचे ट्रे. काय काय करता येईल ते समोर दिसतं, केलेल्या कृतीचा परिणाम लगेच दिसतो, चुकलं तर मागे फिरता येतं. तुमच्या अ‍ॅपमधलं पार्किंग घ्या. नकाशावर रिकामी जागा दिसली, बोट ठेवलं, झालं. हेच चॅटमध्ये करायचं तर आधी "कुठल्या जागा रिकाम्या आहेत?" विचारा, आलेली यादी वाचा, मग त्यातला क्रमांक टाइप करा. कुणाला हवंय हे?

पण रूपक किती ताणायचं यालाही मर्यादा आहे. सुरुवातीच्या मॅकिंटॉशवर फ्लॉपी बाहेर काढायची तर तिचं चित्र कचराकुंडीत टाकायची पद्धत होती. आपलं काम पुसलं जाईल या धास्तीने लोकांचा हात थांबायचा. मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये 'बॉब' हा प्रोग्रॅम आणला. त्यात पडद्यावर अख्खं घर होतं, खोल्या होत्या, मदतीला कुत्रा होता, पण 'बॉब' फार काळ टिकला नाही. याउलट १९७९ च्या व्हिसिकॅल्क या स्प्रेडशीट प्रोग्रॅमने हिशेबाच्या कागदाचे फक्त रकाने घेतले आणि कागदाला कधीच जमलं नसतं ते केलं: एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले बाकीचे आपोआप बदलतात. तेव्हा होम स्क्रीनवर सोसायटीच्या ऑफिसचं देखणं चित्र, भिंतीवर नोटीस बोर्ड वगैरे कुणी सुचवलं, तर सरळ नाही म्हणा.

संवादाचं बळ दुसरीकडे आहे. "मार्चनंतर एकही हप्ता न भरलेले, पण फ्लॅट भाड्याने दिलेले सभासद" हे एका वाक्यात मागता येतं. बोट ठेवून हेच काढायला गेलात तर फिल्टरमागून फिल्टर लावत बसाल. नकार, अटी, 'सगळे', 'जेव्हा होईल तेव्हा' हे भाषेचं क्षेत्र, चित्राचं नव्हे. मराठी टायपिंगचा कंटाळा असलेल्यांना बोलून काम सांगणंही सोयीचं पडतं.

अडचण अशी की रिकाम्या चौकटीकडे पाहून काय विचारता येईल ते कळत नाही. शिवाय यंत्र बोलू लागलं की त्याला समजतं असं माणूस गृहीत धरतो. जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये 'एलायझा' हा अगदी साधा प्रोग्रॅम लिहिला, तेव्हाच हे दिसलं होतं. लोक त्याच्यापाशी मन मोकळं करू लागले. सभासदाने पाणीगळतीबद्दल लिहिलं आणि बॉटने "नक्की, बघतो" असं उत्तर दिलं, तर प्लंबरला निरोप गेला असंच तो समजणार.

तिसरा पर्याय म्हणजे स्वतःहून पुढे येणारा मदतनीस. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९७ मधली ती बोलकी कागदाची क्लिप आठवते? पत्र लिहायला लागलं की मध्येच डोकावायची. सोसायटीच्या अ‍ॅपला याची गरज नाही. हप्त्याची आठवण पुरे.

माझा कौल मिश्रणाला आहे, आणि तेही जुनंच आहे. एमआयटीत रिचर्ड बोल्ट यांच्या १९८० च्या प्रयोगात माणूस भिंतीएवढ्या पडद्याकडे बोट दाखवून 'ते तिथे ठेव' म्हणायचा आणि आकृती हलायची. वस्तू माणूस आणि यंत्र दोघांच्याही समोर असल्याने तोंडी सांगणं एवढं त्रोटक असूनही भागायचं. तुमच्याकडे याचा अर्थ असा: हप्ते, तक्रारी, पार्किंग या दिसणाऱ्या वस्तू ठेवा; वर एक बोलण्या-लिहिण्याची चौकट द्या; पण तिचं उत्तर परिच्छेदात नको, खालची यादीच गाळून दिसू दे. तक्रार नोंदली तर तिचं कार्ड तारखेसकट यादीत उमटावं. पैसे मात्र बोलण्यावरून कापले जाऊ नयेत, रक्कम समोर दाखवून बटण दाबल्यावरच. डेव्हलपरकडून पहिला नमुना मागाल तो अशाच मिश्र पडद्याचा मागा.