‘स्लॉट गेलाय’ म्हणाले आणि कार्डच बदललं

माझा भाचा आर्किटेक्चर शिकतो. त्याचा कॉम्प्युटर जुना आहे: एच६१ मदरबोर्ड, तिसऱ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर आणि २०१७ साली मी घेऊन दिलेलं जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक कार्ड. ऐन सबमिशनच्या दिवसांत डिस्प्ले येईनासा झाला. पंखे फिरायचे, मॉनिटरवर मात्र ‘नो सिग्नल’. कार्ड काढून केबल थेट बोर्डाला लावली की सगळं चालू.

बहिणीने कॉम्प्युटर घराजवळच्या दुकानात दिला. संध्याकाळी दुकानदाराचा फोन आला, “ताई, ग्राफिक कार्डाचा स्लॉट गेलाय, बोर्ड बदलावा लागेल. कार्डाचा फॅनही जाम आहे, तोही बदलून देतो.” बोर्डाचे ३,८०० आणि फॅनचे ६०० घेतले. चिठ्ठीवर फक्त ‘बोर्ड, फॅन’ आणि रक्कम. जुना बोर्ड तो ठेवून घेणार होता, पण भाच्याने मागून आणला. पुढचं सगळं कळलं ते त्या बोर्डामुळेच.

भाच्याचा मॉनिटर जुना, व्हीजीएवाला, म्हणजे जुन्या ॲनालॉग जोडणीचा. पूर्वी मध्ये कन्व्हर्टर लावावा लागायचा. दुकानातून परत आल्यावर मात्र केबल सरळ कार्डालाच बसली. “मामा, बरं झालं ना?” त्याने विचारलं, आणि मला तिथेच खटकलं. हे कार्ड ज्या कंपनीच्या चिपवर चालतं त्या एनव्हिडियाच्या १० मालिकेतल्या चिप व्हीजीएचा ॲनालॉग सिग्नल देतच नाहीत. १०५० टीआयच्या पाठीवर व्हीजीएचं पोर्ट असायचं कारणच नाही. शिवाय आमचं कार्ड स्लॉटमधूनच वीज घ्यायचं. परत आलेल्या कार्डाला सहा पिनांची वेगळी वायर जोडलेली होती.

विंडोजमध्ये नाव १०५० टीआय असंच दिसत होतं, मेमरीही ४ जीबी. पण एनव्हिडियाच्या साइटवरून उतरवलेला ड्रायव्हर टाकला की निळा स्क्रीन. मग जीपीयू-झेड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवलं. २०१८ पासून ते बनावट एनव्हिडिया कार्डं ओळखतं. कार्डाच्या नावाआधी ‘फेक’ असा शिक्का आला. खऱ्या कार्डात ७६८ कोअर, म्हणजे चित्राची आकडेमोड करणारे छोटे भाग, असतात; इथे १९२. एनव्हिडियाच्याच फर्मी या जुन्या पिढीच्या चिपवर १०५० टीआयचं नाव सांगणारा बायोस, म्हणजे कार्डातलं अंगभूत सॉफ्टवेअर, चढवला होता. आमच्या कार्डाच्या खोक्यावर सिरियल नंबर आहे, बिलही आहे. या कार्डावरचं स्टिकर मात्र खरवडून काढलेलं.

राहिला प्रश्न ‘गेलेल्या’ स्लॉटचा. जुना बोर्ड घेऊन आम्ही पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, ओळखीच्या कारागिराकडे गेलो. त्याने पैसे न घेता समोर बसवून सगळं दाखवलं. या पिढीत ग्राफिक कार्डाच्या मोठ्या स्लॉटच्या लेन, म्हणजे माहिती ये-जा करणाऱ्या वाटा, थेट प्रोसेसरमधून येतात, म्हणून आधी त्याने प्रोसेसर काढून सॉकेटच्या पिना भिंगाखाली पाहिल्या. एखादी वाकली असेल तर स्लॉट मेल्यासारखा वाटतो. पिना सरळ होत्या. बोर्डाच्या सेटिंग जपणारा सीआर२०३२ सेल संपला होता, तो बदलला. स्लॉटमधली धूळ ब्रशने काढली. मग स्वतःचं चांगलं कार्ड बसवून, केबल कार्डालाच लावून बटण दाबलं. डिस्प्ले आला. दुपारभर त्या कार्डावर लोड टाकून ठेवला, एकदाही बंद पडला नाही. मूळ दोष सेलचा होता की कार्डाच्या स्लॉटमध्ये बसणाऱ्या सोनेरी पट्टीवर साचलेल्या थराचा, हे आता ठरवता येणार नाही, कारण मूळ कार्डच आमच्याकडे नाही. स्लॉट मात्र धडधाकट आहे.

म्हणून कोणी ‘स्लॉट गेलाय’ म्हटलं तर त्याला तुमच्या डोळ्यांदेखत दोन गोष्टी करायला सांगा: तुमचं कार्ड दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये लावणं आणि चालू असलेलं दुसरं कार्ड तुमच्या स्लॉटमध्ये लावणं. तपासायचा हा सगळ्यात साधा मार्ग आहे, आणि याला जेमतेम पंधरा मिनिटं लागतात. प्रामाणिक कारागीर याला सहसा नाही म्हणत नाही. जो “आमच्यावर विश्वास नाही का?” असं विचारतो, त्याच्याकडून कॉम्प्युटर उचलून घरी आणा. सुटे भाग देताना कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, सिरियल नंबर चिठ्ठीवर लिहून सही घ्या आणि बदललेला भाग परत मागा. ओएलएक्सवर किंवा कुठेही जुनं कार्ड घेत असाल तर पैसे देण्याआधी जीपीयू-झेड उघडायला लावा.

दुकानदाराने आधी कानांवर हात ठेवले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यावर बोर्डाचे ३,८०० परत दिले. कार्डाबद्दल अजून “आम्हाला हेच मिळालं होतं” यावरच तो अडून आहे. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. खोक्याचा फोटो, २०१७ चं बिल, ती चिठ्ठी आणि कारागिराचा लेखी अहवाल जोडून आम्ही अर्ज तयार केला आहे.