म्हापशातला चार महिन्यांचा जीडीए कोर्स, नर्सिंग समजून जाऊ नका

गोव्यात डिचोलीहून रोज अस्नोड्यावरून बस पकडून म्हापशाला जाऊन मी हा कोर्स केला, जीडीए म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंट, आता कामाला लागून सात महिने झाले म्हणून लिहितेय. इन्स्टिट्यूटचं नाव देत नाही, तिथल्या मॅडमशी माझं अजून बोलणं आहे आणि ज्या गोष्टीवर मी चिडलेय ती काय फक्त तिथेच होते असंही नाही.

तर आधी चिडल्याची गोष्ट. बाहेर बोर्ड 'नर्सिंग कोर्स, शंभर टक्के जॉब'. काउंटरवरच्या मुलीला मी दोनदा विचारलं, हा नर्सिंगचा आहे ना, तर ती म्हणाली हो, तसाच असतो. फी बावीस हजार, दोन हप्त्यांत, पहिला हप्ता मी भिशीच्या पैशातून भरला. नवऱ्याचा खाणीवरचा ट्रक २०१८ मध्ये खाणी परत बंद झाल्या तेव्हाच विकला होता, त्यामुळे घरात बावीस हजार म्हणजे मोठीच रक्कम. सासूबाई वाड्यावर सगळ्यांना सांगून मोकळ्या, सून नर्स होतेय. आणि दुसऱ्या आठवड्यात शिकवणाऱ्या मॅडमनीच फळ्यावर लिहून दाखवलं, नर्सिंगचे कोर्स म्हणजे एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन, बीएस्सी चार, मग नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, तेव्हा कुठे नर्स. जीडीएने इंजेक्शन द्यायचं नाही, सलाईन लावायचं नाही. पेशंटला उठवणं बसवणं, अंघोळ, भरवणं, बीपी-ताप-नाडी बघून लिहिणं, काही वेगळं दिसलं तर सिस्टरला सांगणं, हे आपलं काम. घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, मग गे, हे सगळं मी तुझ्या आजेसासऱ्याचं केलंच की, फी न भरता.

मला पण तेव्हा तसंच वाटलं होतं, पण ते बरोबर नव्हतं, आणि त्याचं श्रेय फक्त मॅडमना. सरकारी हॉस्पिटलातनं रिटायर झालेल्या सिस्टर आहेत त्या. प्रॅक्टिकलची खोली म्हणजे दोन कॉट, त्यातल्या एकीचं डोकं वर करायचं हँडल मोडलेलं, आणि एक डमी जिचा डावा हात सारखा निखळायचा. पण मॅडमनी पहिल्याच प्रॅक्टिकलला डमी बाजूला ठेवली, चादर मुद्दाम चुरगळून घातली आणि आम्हाला एकेकीला त्यावर आडवं केलं, अर्धा तास अजिबात हलायचं नाही. पहिली दहा मिनिटं हसण्यात गेली. वीस मिनिटांनी माझं माकडहाड असं ठणकायला लागलं की बस्स, आणि टाचा वेगळ्याच. मग म्हणाल्या, तू उठून बसशील, लकवा झालेला माणूस नाही उठणार, त्याला सांगता पण येणार नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची हे पुस्तकात एक ओळ आहे, पण मला ते त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी घरून पेज आणायला सांगितली आणि सपाट झोपवून एकमेकींना भरवायला लावली. एकीला असा ठसका लागला की डोळ्यांतनं पाणी. त्यानंतर पाठीमागे उशी न लावता कोणी चमचा हातात घेतला नाही.

बाकी हात धुणं, लघवीची पिशवी कधीच कॉटच्या वर धरायची नाही, कचऱ्याच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या-निळ्या बादल्या, हे पण नीट घोटून घेतलं. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबणं, तो मात्र एका दुपारी उरकला, तीस दाब दोन श्वास, मिनिटाला शंभर ते एकशे वीस, पण डमीची छाती दाबली तर परत वरच यायची नाही.

फुकट मिळणाऱ्या गोष्टींना भुलू नका. आम्हाला 'फ्लेबोटोमी फ्री' होती, म्हणजे रक्त काढायला शिकवणं, तर दोन दिवस मोबाईलवर व्हिडिओ, वर वेगळं सर्टिफिकेट. कुठल्या झाकणाची ट्यूब आधी, निळी का जांभळी, हे मी पाठ म्हणून दाखवीन पण एकाही माणसाची शीर शोधलेली नाही, असलं सर्टिफिकेट दाखवायला मलाच लाज वाटते. त्याचा वेगळा पूर्ण कोर्स असतो, करायचाच असेल तर तो करा.

हॉस्पिटलचं ट्रेनिंग एक महिना सांगितलेलं, मिळाले बारा दिवस, ते पण एका छोट्या प्रायव्हेट नर्सिंग होममध्ये, अर्धा वेळ फायली इकडून तिकडे आणि चहा. तिथल्या सिस्टरनी विचारलं, हिपॅटायटिस बीचं इंजेक्शन घेतलंस का, आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघत बसलो. त्याचे तीन डोस, पहिला, महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा, म्हणजे ॲडमिशनच्या दिवशीच चालू करायला पाहिजे होतं. बावीस हजार घेताना हे एक वाक्य सांगायला काय जात होतं.

'शंभर टक्के जॉब' म्हणजे होमकेअर एजन्सींचे पाच-सहा फोन नंबर. पण खरं सांगायचं तर त्यातनंच काम मिळालं. बार्देशात एका बाईंकडे दिवसाची बारा तासांची ड्युटी, पंधरा हजार, मुलं दोघं इंग्लंडला. गोव्यात अशी घरं इतकी आहेत की काम कमी पडणार नाही. क्लासमध्ये सगळं हिंदीत शिकवलं, रिपोर्ट इंग्रजीत लिहायचा आणि बाईंना दुखतं ते कोंकणीत, त्यामुळे माझी घरची भाषा तिथे कोर्सपेक्षा जास्त उपयोगी पडली. पहिल्या दिवशी त्यांची कूस बदलली तर कमरेखाली रुपयाएवढा लाल डाग, बोटाने दाबला तरी पांढरा होईना, म्हणजे झोपून झोपून होणाऱ्या जखमेची सुरुवात. मॅडमचा आवाजच कानात आला. लगेच एजन्सीच्या सिस्टरला फोन केला, त्या येऊन बघून गेल्या, मी दोन-दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद करायचा कागद करून भिंतीला लावला, रात्रीच्या बाईला पण तो भरायला लावला. दोन आठवड्यांत डाग गेला.

पाचपैकी माझे साडेतीन, त्यातले तीन मॅडमचे. जाणार असाल तर पैसे भरायच्या आधी जुन्या बॅचचं सर्टिफिकेट हातात घेऊन बघा, त्यावर हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिल, म्हणजे अशा कोर्सना सर्टिफिकेट देणारी सरकारमान्य संस्था, तिचं नाव आहे का नुसता इन्स्टिट्यूटचा शिक्का. आणि हॉस्पिटलचे दिवस किती ते लिहून मागा, तोंडी नको. हाच कोर्स पीएमकेव्हीवाय, म्हणजे प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतून फुकट पण होतो, तुमच्या जवळ सेंटर चालू असेल तर आधी तिथे विचारा, मला हे फी भरल्यावर कळलं. डिचोलीकडून येणाऱ्यांनी शुक्रवारी एक बस आधीची धरा, बाजाराच्या गर्दीत माझे तीन लेट मार्क तिथेच लागलेत.