ओहायोपाइल स्टेट पार्क, पेनसिल्व्हेनिया: आई-बाबांना न्यावं का? न्या, पण शनिवारी नको

दर उन्हाळ्यात ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, की इंडियातून आई-बाबा आलेत, नायगरा झालं, न्यूयॉर्क झालं, आता कुठे नेऊ. आम्ही ओहायोतल्या कोलंबसला राहतो त्यामुळे आमचं उत्तर ठरलेलं असतं, ओहायोपाइल. नावात ओहायो असलं तरी ओहायोत नाहीये हां, पेनसिल्व्हेनियात आहे, पिट्सबर्गच्या दक्षिणेला साधारण 70 मैल, दीड तास धरा. न्यू जर्सीवाल्यांना पाच-सहा तास लागतील, पण तुम्ही तसेही पिट्सबर्गच्या बालाजीला येताच की, मग एक मुक्काम वाढवा नि इकडे या. आम्हीपण तसंच केलं, आधी पेन हिल्सचं वेंकटेश्वराचं देऊळ, कँटीनमधला चिंचेचा भात पोटभर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पार्क.

आधीच सांगते, धबधब्याची उंची बघायला जाणार असाल तर जाऊ नका. मुख्य ओहायोपाइल फॉल्स फक्त 20 फूट आहे. माझे आई-बाबा साताऱ्याचे, ठोसेघर बघितलेली माणसं, बाबा रेलिंगला टेकून दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "एवढ्यासाठी आणलंस होय?" मग जरा वेळाने तेच म्हणाले की पाणी बघ किती आहे, आणि हे पावसाळ्याशिवाय. मुद्दा तोच आहे. अख्खी नदी, चांगली रुंद, एका दमात खाली उतरते आणि ऐन उन्हाळ्यातही उतरतच राहते. व्हिजिटर सेंटरपासून बघायची जागा अगदी जवळ आहे, गुडघेदुखीवाल्यांनाही जमेल, स्वच्छ टॉयलेट आहेत, आत नदीची आणि जंगलाची माहिती छान मांडलीये. आणि पार्कला एंट्री फी नाही, पार्किंगचेही पैसे नाहीत, हे ऐकून बाबांचं मत अजून थोडं सुधारलं.

कुकुंबर फॉल्स मात्र सगळ्यांना आवडतो, तो 30 फूट आहे, पाणी कमी पण एकसारखी पातळ धार कड्यावरून सरळ खाली पडते आणि मागे कपारीत जागा आहे. पार्कमधल्या ओहायोपाइल गावापासून गाडीने दोन-तीन मिनिटं. वरून पण दिसतो, खाली जायला पायऱ्या आहेत आणि त्या ओल्या नि चढ्या आहेत, आईने वरूनच बघितला, काही बिघडलं नाही. तिथलं पार्किंग अगदी छोटं आहे, दहाच्या आत गेलात तर ठीक नाहीतर रस्त्यावर घिरट्या. ऑगस्टच्या शेवटी बरेच दिवस पाऊस नसेल तर धार अगदीच बारीक होते, हेही लक्षात ठेवा, मुख्य धबधब्याचं तसं होत नाही.

असं का, तर वरच्या अंगाला कॉन्फ्लुएन्स नावाच्या गावाजवळ धरण आहे, 1940च्या दशकात आर्मीच्या इंजिनिअर लोकांनी पूर थोपवायला बांधलेलं. त्यातून पाणी सोडतात म्हणून नदी उन्हाळ्यात आटत नाही आणि राफ्टिंग सीझनभर चालतं. आपल्या कोलाडचं आहे ना, भिऱ्याच्या वीज प्रकल्पातून सकाळी कुंडलिकेत पाणी सोडलं की राफ्ट सुटतात, साधारण तोच प्रकार, फक्त इथे सकाळचीच वेळ गाठायची घाई नाही. एक फरक फार जाणवतो, तो म्हणजे गारवा. धरणाच्या तळातलं पाणी येतं, जुलैमध्ये बाहेर तीस डिग्री असताना पाण्यात पडलं की श्वासच अडकतो.

आता राफ्टिंग. नदीचं नाव यॉकागेनी, स्पेलिंग बघून घाबरू नका, तिथले लोक नुसतं यॉक म्हणतात. इथे दोन टप्पे आहेत आणि बुकिंग करताना नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो कारण वेबसाइटवर दोन्हीकडे हसणाऱ्या फॅमिलीचेच फोटो असतात. मिडल यॉक म्हणजे कॉन्फ्लुएन्सकडून ओहायोपाइल गावापर्यंत, धबधब्याच्या वरचा भाग, क्लास 1 आणि 2 (आकडा जितका मोठा तितकं पाणी अवघड). लोअर यॉक म्हणजे धबधब्याच्या खालून पुढे सातेक मैल, क्लास 3 आणि 4. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मिडलला लहान मुलं, आजी-आजोबा, पोहता न येणारे, सगळे चालतील, मधे मधे पाणी इतकं संथ असतं की गप्पा मारत, चिवडा खात जाता येतं (ओला होतो, झिपलॉक घ्या). लोअरला बहुतेक कंपन्या 12 वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत आणि बरोबरच आहे.

आम्ही वाटणी केली. आई-बाबा, धाकटी आणि मी मिडलला, नवरा, मोठा मुलगा आणि त्याचे दोन मित्र लोअरला. नंतर मी लोअरपण केलं, त्याशिवाय लिहिण्यात अर्थ नव्हता. लोअरबद्दल बुकिंगच्या आधी एक प्रश्न नक्की विचारा, आमच्या राफ्टमध्ये गाइड बसणार का? कोलाडला तुमच्याच राफ्टमध्ये गाइड मागे बसून ओरडत असतो, आपण फक्त वल्ही मारायची. इथे बऱ्याच ट्रिपमध्ये गाइड वेगळ्या कयाकमध्ये (एकट्याची छोटी, निमुळती बोट) असतात, खडकावर उभं राहून हाताने खुणा करतात आणि राफ्ट चालवायची तुम्ही, चार-सहा अडाणी माणसांनी. मजा येते, खरंच येते, पण ग्रुपमध्ये सगळेच पहिल्यांदा आलेले असतील तर थोडे पैसे जास्त द्या आणि गाइडवाली राफ्ट घ्या. आमच्या मुलांची राफ्ट पहिल्याच रॅपिडला, म्हणजे पाणी खडकांतून उसळत जातं त्या जागी, उलटी फिरली आणि चौघंही मागे तोंड करून खाली गेले, वर आल्यावर भांडण, कोण डावीकडे मारत होता आणि कोण उजवीकडे.

पहिला रॅपिड म्हणजे एंट्रन्स, तिथूनच सुरुवात दणक्यात होते, हळूहळू सवय वगैरे काही नाही. मग कुकुंबर, मग अशी रांगच लागते. नदी इथे फर्नक्लिफ नावाच्या जमिनीच्या तुकड्याला घोड्याच्या नालेसारखा वळसा घालते, त्यामुळे दीड-पावणेदोन मैल पाण्यातून जाऊनसुद्धा तुम्ही गावाच्या अगदी जवळच असता, कयाकवाले तर तिथून बोट खांद्यावर घेऊन चालत परत येतात आणि पुन्हा वरून सुरू करतात, दिवसभर तेच. राफ्टवाले मात्र पुढे ब्रुनर रनपर्यंत जातात आणि तिथून बसने परत.

मधे डिंपल रॉक येतो, त्याबद्दल गंभीरपणे सांगते. सगळा प्रवाह थेट त्या खडकावर जाऊन आदळतो आणि खडक खालून पोखरलेला आहे, माणूस आत ओढला जाऊ शकतो, आजवर अनेक जण तिथे दगावलेत. काठाने चालत पुढे जायची सोय आहे, गाइडपण विचारतात कुणाला उतरायचंय का. आमच्या ट्रिपला अर्धी मंडळी उतरली, मीही उतरले, काठावर उभं राहून बाकीच्यांना बघितलं आणि त्यात मला काही कमीपणा वाटला नाही. "आपण महाराष्ट्रात एवढ्या नद्या पोहलोय" असं म्हणणारे काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतात, त्यांना इथे हात धरून उतरवा. त्याच्या लगेच पुढे स्विमर्स रॅपिड आहे, तिथे उलट मुद्दाम राफ्टमधून उडी मारून लाटेबरोबर वाहत जाता येतं, लाइफ जॅकेट असतंच, मुलांना तिथून बाहेर काढणं अवघड जातं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. सेफ्टीचं सांगणं नीट होतं, गाइड पोरं एकदम भारी, वीस-बावीसची असतील पण पाण्याचा कण न् कण ओळखतात. हेल्मेटला मात्र मागच्या माणसाच्या घामाचा वास होता आणि फोटोंची किंमत ऐकून आम्ही थँक यू म्हणून निघालो.

हायकिंगवाल्यांना इथे खूप आहे. लॉरेल हायलँड्सची 70 मैलांची लांब वाट इथूनच सुरू होते, ती आपल्या कामाची नाही, पण फर्नक्लिफचा छोटा फेरा नक्की करा. झाडी दाट, खाली नदी, आणि काठाच्या खडकांत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचे ठसे उमटलेत, सालीवर खवले असल्यासारखी नक्षी दिसते, धाकटीने ते शोधण्यातच तास घालवला. जूनमध्ये माउंटन लॉरेल फुलतं आणि जुलैच्या सुरुवातीला ऱ्होडोडेंड्रॉन. ऑक्टोबरच्या मध्याला रंग बघायला तुफान गर्दी. बॉमन रॉकवरून सगळी दरी दिसते आणि तिथे चालावंही लागत नाही, गाडी लावली की समोरच, आईला सगळ्या पार्कात ती जागा सगळ्यात जास्त आवडली.

बाबांची लॉटरी मात्र सायकलवर लागली. पिट्सबर्गपासून मेरीलँडमधल्या कंबरलँडपर्यंत 150 मैलांचा ग्रेट अलेगेनी पॅसेज नावाचा सायकल ट्रेल आहे, तो या गावातूनच जातो. इथला भाग म्हणजे जुनी वेस्टर्न मेरीलँड रेल्वेची लाइन, रूळ काढून बारीक खडी टाकलीये, आणि आगगाडीचा रस्ता असल्यामुळे चढ जवळजवळ नाहीच. सायकली गावातच भाड्याने मिळतात. सत्तरी ओलांडलेला माणूस नदीवरच्या उंच पुलावर सायकल थांबवून खालच्या राफ्टवाल्यांना हात करतोय, हे दृश्य साताऱ्याच्या सगळ्या नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर गेलं.

नॅचरल वॉटरस्लाइड्स, म्हणजे मेडो रन ओढ्यातली खडकाची घसरगुंडी, इन्स्टाग्रामवर दिसते तशी नाहीये. खडक तो खडकच, बूड चांगलं शेकून निघतं. जाड शॉर्ट्स घाला, पाणी जास्त असेल तर जाऊच नका, आणि मोठ्यांनी काठावर बसून पाय बुडवावेत.

जोडीला फॉलिंगवॉटर करायचंच असेल तर ते चारेक मैलांवर आहे, फ्रँक लॉइड राइटने 1935 साली कॉफमन कुटुंबासाठी आखलेलं, खुद्द धबधब्यावर बांधलेलं घर, 2019 पासून युनेस्कोच्या यादीत. तिकीट आधीच काढावं लागतं, बुधवारी बंद असतं आणि आतल्या टूरला सहा वर्षांखालची मुलं चालत नाहीत. पण राफ्टिंग आणि फॉलिंगवॉटर एकाच दिवशी कोंबू नका, ओल्या केसांनी, अर्धवट झोपेत त्या सुंदर घरातून फिरणारी आपली माणसं मी बघितलीयेत. फोर्ट नेसेसिटी पण जवळ आहे. 1754 साली, इंग्रज आणि फ्रेंच या मुलखासाठी भांडत असताना, इंग्रजांच्या बाजूने बावीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन या नदीतून फ्रेंचांकडे जायला वाट मिळते का बघायला आला, ओहायोपाइलच्या धबधब्यापाशी अडला, आणि नंतर त्याच उन्हाळ्यात या किल्ल्यात त्याला शरणागती पत्करावी लागली. किल्ला म्हणजे लाकडी ओंडक्यांचं गोल कुंपण. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी जन्म गेलेल्या बाबांनी त्याला एक फेरी मारली, जी अर्ध्या मिनिटात संपली, आणि विचारलं, "दुसरा दरवाजा कुठेय?"

खाण्याचे हाल आहेत. गावाची वस्ती शंभरसुद्धा नाही, उन्हाळ्यात मिळतं ते बर्गर, फ्राइज, पिझ्झा, आइस्क्रीम. व्हेज असाल तर फ्राइज आणि आइस्क्रीम. आईने धपाटे नि शेंगदाण्याची चटणी आणली होती म्हणून आम्ही राजे होतो, पिकनिकची बाकं भरपूर आहेत. मोबाइलची रेंज दरीत येते-जाते, मॅप आधीच डाउनलोड करा आणि परत कुठे भेटायचं ते ठरवून ठेवा. आणि गवतातून आलात की अंगावर गोचीड तपासा, हे हसण्यावारी नेऊ नका, पेनसिल्व्हेनियात लाइम डिसीज (गोचीड चावून होणारा आजार) भरपूर आहे, मुलांचे केस, कानामागे, गुडघ्यामागे बघा.

एवढं असूनही मी हे पार्क नायगराच्या वर ठेवीन ते एका कारणासाठी. धबधबा, राफ्टचं ऑफिस, सायकलचं दुकान, ट्रेल, सगळं एका चिमुकल्या गावात आहे. ज्याला जे झेपेल ते त्याने करावं, दुपारी बाकावर जमावं, कुणी कुणासाठी गाडीत ताटकळत नाही. तीन पिढ्या एकत्र नेल्यात आणि भांडण फक्त वल्ह्यावरून झालं, अशी जागा मला इथे दुसरी माहीत नाही. फक्त मंगळवार किंवा गुरुवार बघा. जुलै-ऑगस्टच्या शनिवारी अकरानंतर पार्किंग मिळत नाही आणि मग लांब गाडी लावून उन्हात चालत येताना आई-बाबा काहीच बोलत नाहीत, ते जास्त वाईट.

नवऱ्याला आता एप्रिलमध्ये जायचंय, तेव्हा नदीला पाणी जास्त असतं म्हणे. थंड पाण्यासाठी अंगाला घट्ट बसणारा वेटसूट भाड्याने मिळतो. हेल्मेटचा वास आठवतोय, तो सूट मी घालणार नाही, मी सायकल घेऊन बाबांबरोबर.