एडिसनमधलं कूपनिंग: काही महिने वापरल्यावर

कूपनिंग, म्हणजे सवलतीची कूपनं लावून खरेदी करणं, शिकायचं म्हणून शब्दांच्या याद्या पाठ करायला बसलं की माणूस आठवड्याभरात कंटाळतो. बोगो, कॅटलिना, स्टॅकिंग, रेनचेक, पीली, ब्लिंकी, ओव्हरेज... मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, आणि जाऊबाईंच्या नादाने गेले काही महिने घरखर्चात कूपनं वापरतेय. माझ्या मते यातले निम्मे शब्द नाही आले तरी काही अडत नाही. उरलेले एका प्रश्नाने सुटतात: ही सूट कोणाच्या खिशातून जातेय?

वस्तू बनवणाऱ्या कंपनीच्या कूपनचे पैसे कंपनी दुकानाला नंतर भरून देते. कूपनवरचा बारीक मजकूर वाचा. सवलतीच्या रकमेवर आणखी ८ सेंट दुकानाला हाताळणीचे मिळतील, असं बऱ्याच कूपनांवर तिथेच छापलेलं असतं. दुकानाचं स्वतःचं कूपन मात्र दुकानाच्या नफ्यातून जातं. खिसे वेगळे, म्हणून एकाच वस्तूवर एक हे आणि एक ते लावता येतं. स्टॅकिंग म्हणतात ते हेच. कंपनीची दोन कूपनं एका वस्तूवर चालत नाहीत, आणि दुकानाच्या ॲपमधलं डिजिटल कूपन कंपनीचं असेल तर तेही कंपनीचंच धरलं जातं. त्याच्यावर वर्तमानपत्रातून कापलेलं दुसरं लावायला जाऊ नका.

हा फरक बिलात कसा दिसतो बघा. कपड्यांच्या साबणाची बाटली सेलमध्ये ५.९९ डॉलरला. दुकानाचं १ डॉलरचं कूपन, कंपनीचं २ डॉलरचं. राहिले २.९९. पण न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर २.९९ वर लागत नाही, ४.९९ वर लागतो. दुकानाने स्वतः सोडलेला डॉलर किमतीतून वजा होतो. कंपनीचे २ डॉलर दुकानाला मिळणारच असतात, म्हणून ते किमतीतच धरतात. कर ३३ सेंट, एकूण ३.३२. ‘फुकट’ मिळालेल्या टूथपेस्टवरही काही सेंट का भरावे लागतात, ते यातून कळलं. टॉयलेट पेपर आणि डायपर यांवर इथे विक्रीकर नाही, तेव्हा तिथे हा हिशेब करायचं कारणच नाही.

सगळ्यात जास्त घोळ कूपनवर छापलेल्या ‘पर पर्चेस’ आणि ‘पर ट्रान्झॅक्शन’ यांचा. पर्चेस म्हणजे एक वस्तू: चार टूथपेस्ट घेतल्या तर चार कूपनं चालतात, वेगळी मर्यादा छापलेली नसेल तर. ट्रान्झॅक्शन म्हणजे अख्खं एक बिल. एका साखळी दुकानात काउंटरवरच्या मुलाने दोन्ही एकच समजून माझी कूपनं परत केली. मॅनेजर आली, कूपनवरची ओळ वाचली आणि घेतली. तेव्हापासून दुकानाचं कूपन धोरण फोनवर उघडून ठेवते. मागे रांग असली की थोडी लाज वाटते, खोटं कशाला सांगू.

बोगोत, म्हणजे एकावर एक फुकटमध्ये, काही दुकानं फुकटच्या नगावरही कंपनीचं कूपन घेतात, काही घेत नाहीत. आधी विचारावं. ओव्हरेज, म्हणजे कूपन किमतीपेक्षा जास्त भरणं, ऐकायला गोड असतं. बहुतेक ठिकाणी कूपनची रक्कम किमतीइतकी खाली आणतात आणि विषय संपतो. पीली म्हणजे डब्याला चिकटवलेलं कूपन आणि ब्लिंकी म्हणजे शेल्फवरच्या मशीनमधून निघणारं. दोन्हींना कात्री लागत नाही, एवढंच.

आता ज्यात पैसे खरोखर अडकतात ते. कॅटलिना, म्हणजे बिलासोबत छापून येणारं पुढच्या खरेदीचं कूपन, आणि सीव्हीएस या औषधांच्या साखळी दुकानाचे एक्स्ट्राबक्स, म्हणजे तिथेच पुढच्या खरेदीत वापरायची बक्षिसाची रक्कम. दोन्ही आजच्या बिलातून वजा होत नाहीत, दोन्हींना मुदत असते. वीस डॉलर देऊन पाच ‘परत मिळाले’ म्हणताना ते पाच त्याच दुकानात, मुदतीत, गरजेच्या वस्तूवर खर्च झाले तरच मी ते बचतीत धरते. इबोटासारख्या रिबेट ॲपवर पावती दिल्यावर पैसे येतात, आणि बहुतेक वेळा ते कागदी कूपनच्या वरही मिळतात. ते मात्र आवडलं.

आपल्या स्वयंपाकघराला याचा उपयोग बेताचाच. तूरडाळ, कणीक, कोथिंबीर, मेथी यांना कंपनीची कूपनं जवळजवळ नसतातच. कूपनं येतात सीरियल, शॅम्पू, टूथपेस्ट, डिटर्जंट, डायपर यांना. जाऊबाईंच्या बेसमेंटमध्ये शॅम्पूची रांग लागलीय. त्याला स्टॉकपाइल म्हणतात, माझा नवरा अडगळ म्हणतो. रविवारच्या पेपरातली पुरवणी मी आता घेत नाही. शॉपराइट सुपरमार्केटच्या प्राइस प्लस या ग्राहक कार्डावर डिजिटल कूपनं चढवते, टार्गेट दुकानाच्या टार्गेट सर्कल या सवलत योजनेत काय आहे ते बघते, बस.

रेनचेक मात्र जरूर मागा. सेलमधली वस्तू संपली असेल तर ग्राहकसेवेच्या काउंटरवर सेलचा भाव लिहून चिठ्ठी देतात, जिथे ती पद्धत आहे तिथे. भाव त्या चिठ्ठीवर टिकतो, कंपनीच्या कूपनची मुदत मात्र त्याने वाढत नाही. म्हणून कूपन चिठ्ठीलाच स्टेपल करून ठेवते, आणि कोणती तारीख आधी संपते ते वर मोठ्या अक्षरात लिहिते.