हृदय कमकुवत आणि किडनीही आजारी: शॉक मशीन बसवावं की नाही?

टू-डी इकोच्या रिपोर्टवर ईएफ (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ३० टक्के, किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन चढलेलं, आणि हृदयाचे डॉक्टर म्हणताहेत आयसीडी बसवून घ्या. घरात सध्या याच प्रश्नावर खल चालू असेल तर हे तुमच्यासाठी. ईएफ ३५ किंवा त्याखाली असलं की ठोके एकाएकी बेताल होऊन माणूस जागच्या जागी कोसळण्याची भीती असते. आयसीडी म्हणजे शॉक मशीन तो बेताल ठेका ओळखतं आणि आतल्या आत झटका देतं. किडनी ठणठणीत असती तर माझं उत्तर सरळ 'बसवा' असं असतं. किडनी आजारी असेल तर आधी ती कुठल्या टप्प्यावर आहे ते विचारायला हवं.

या मशीनची बाजू ज्यांनी भक्कम केली त्या मॅडिट-२ (२००२) आणि एससीडी-हेफ्ट (२००५) या चाचण्यांत डायलिसिसवरचे रुग्ण जवळजवळ नव्हतेच. अशा जुन्या चाचण्यांची आकडेवारी २०१४ मध्ये एकत्र तपासली, तेव्हा जीएफआर म्हणजे किडनीचा गाळण्याचा वेग ६० च्या वर असलेल्यांना मशीनचा फायदा ठळक दिसला, ६० च्या खाली तो खात्रीने दिसला नाही. याचं एक कारण असं की किडनीच्या रुग्णाचा जीव जंतुसंसर्गाने, पक्षाघाताने किंवा हृदयाचा पंप पूर्ण थकल्यानेही जातो, आणि तिथे झटक्याचा काही उपयोग नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अमेरिका आणि भारतातल्या ६६ डायलिसिस रुग्णांच्या कातडीखाली ठोके नोंदवणारं छोटं यंत्र बसवून अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्याला शॉक लागतो तो जोरात धावणारा ठेका अगदीच क्वचित सापडला. बहुतेक नोंदी ठोके मंदावण्याच्या होत्या, काही तर हृदय क्षणभर थांबल्याच्या. मंदावलेल्या हृदयाला शॉक नको असतो, पेसिंग लागतं, म्हणजे ठोका चालू ठेवणारे विजेचे हलके इशारे.

नेदरलँड्समध्ये १८८ डायलिसिस रुग्णांवर थेट चाचणी झाली: निम्म्यांना मशीन, निम्म्यांना नाही. फायदा दिसण्याची चिन्हं नाहीत म्हणून ती मध्येच थांबवली. पाच वर्षांत अचानक मृत्यूचं प्रमाण मशीनवाल्यांत ९.७ टक्के, बाकीच्यांत ७.९. मात्र या चाचणीत ईएफ ३५ किंवा त्याहून जास्त असलेलेच लोक होते. त्यामुळे ईएफ ३० वाल्याला कोणी हा निकाल दाखवून 'बघा, उपयोग नाही' म्हणालं, तर ते अर्धंच खरं.

बसवायचंच ठरलं तर कुठलं?

नेहमीच्या मशीनची तार गळपट्टीच्या हाडाखालच्या शिरेतून हृदयात जाते. ते मंद ठोक्यांना पेसिंग देतं, आणि काही वेगवान ठेके शॉक न देता नुसत्या पेसिंगने मोडतं. पण तारेमुळे ती शीर आकसू शकते, आणि त्याच बाजूच्या हातात फिस्टुला (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेली जागा) असेल तर तो धोक्यात येतो. डायलिसिसच्या कॅथेटरमधून जंतू रक्तात शिरले तर तारेवरही बसतात, मग सगळं काढावं लागतं.

कातडीखालच्या मशीनची (एस-आयसीडी) तार छातीच्या हाडालगत राहते, शिरेत जात नाही. प्रेटोरियन चाचणीत (२०२०, ८४९ रुग्ण) गुंतागुंत आणि नको तेव्हा बसलेले शॉक यांची बेरीज दोन्ही गटांत सारखीच निघाली, १५ टक्क्यांच्या आसपास. तारांचा त्रास एस-आयसीडीत कमी होता, नको ते शॉक थोडे जास्त. अडचण अशी की त्यात रोजचं पेसिंग नाही, म्हणजे वरच्या ६६ जणांच्या अभ्यासात जे मंद ठोके जास्त दिसले त्यावर इलाज नाही. शिवाय पोटॅशियम वरखाली झालं की ईसीजीचा आकार बदलतो, म्हणून हे मशीन बसवण्यापूर्वीची ईसीजी चाचणी डायलिसिसच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा करायला सांगा.

मशीनशिवायची बाजू

हिच्याकडे दुर्लक्ष होतं, कारण हिचं बिल मोठं नसतं. इटलीत २००३ मध्ये ११४ रुग्णांवर चाचणी झाली, सगळे डायलिसिसवरचे आणि हृदय फुगून कमकुवत झालेले. कार्व्हेडिलॉल ही हृदयाची गोळी घेणाऱ्यांत दोन वर्षांत ५१.७ टक्के दगावले, न घेणाऱ्यांत ७३.२. चाचणी लहान आहे, मान्य. पण नेमक्या याच रुग्णांत मशीनच्या बाजूने इतकं बोलणारा पुरावा मला माहीत नाही. प्रत्येक गोळी अशी लागू पडते असंही नाही: डायलिसिसवर स्पायरोनोलॅक्टोन या हृदयाच्या दुसऱ्या गोळीचा फायदा २०२५ च्या मोठ्या चाचणीत दिसला नाही.

मग डायलिसिसचं वेळापत्रक. आपल्याकडे अनेकजण खर्चापायी आठवड्यातून दोनदाच जातात. मधला खंड लांबला की पाणी आणि पोटॅशियम साचतं, आणि लांब खंडाच्या शेवटी मृत्यू वाढतात हे अमेरिकेच्या नोंदींत स्पष्ट दिसलंय. मशीनसाठी काही लाख काढायची तयारी असेल तर आधी तिसरी पाळी परवडते का ते बघा. डायलिसिसच्या द्रवातलं पोटॅशियम २ च्या खाली ठेवलंय का, हेही विचारा; फार झपाट्याने उतरवलेलं पोटॅशियमही ठेका बिघडवतं.

घरातला धोका वेगळाच. भेटायला येणारे प्रेमाने शहाळं घेऊन येतात, आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. बीपीसाठी म्हणून आणलेल्या लो-सोडियम मिठात तर सहसा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असतं. ते स्वयंपाकघरातून काढून टाका. खोकल्या-उलटीसाठी गल्लीतल्या डॉक्टरकडे गेलात तर हृदयाचा आजार सांगा, कारण ॲझिथ्रोमायसिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ऑन्डान्सेट्रॉन यांनी क्यूटी (ईसीजीवरचा एक अवधी) लांबतो आणि ठेका बिघडू शकतो.

माझा कल असा. डायलिसिस सुरू नाही, जीएफआर ४०-५० आहे, तीन महिने पूर्ण औषधं घेऊनही ईएफ ३५ च्या खालीच: बसवा, पण पुढे फिस्टुला लागू शकतो म्हणून कुठल्या हाताची शीर राखायची ते किडनीच्या डॉक्टरांना आधी विचारा. डायलिसिसवर, वय सत्तरीपुढे, जोडीला मधुमेह आणि पायांच्या जखमा: मी घाई करणार नाही. डायलिसिसवर पण तरुण, किडनी बदलायच्या यादीत नाव: पेसिंगची गरज नसेल तर एस-आयसीडीबद्दल विचारा, ते सगळीकडे बसवत नाहीत. एकदा हृदय बंद पडून वाचलेल्या माणसाला हा हिशेब लागू नाही, तिथे डायलिसिसवरही मशीनकडेच झुकावं.

सही करण्याआधी आणखी एक विचारून ठेवा: पुढे तब्येत अगदीच खालावली तर शॉक बंद कोण करेल? बाहेरून प्रोग्रामर लावून तो काही मिनिटांत बंद होतो, ऑपरेशन लागत नाही.