चार पायांची काठी की घडीचा वॉकर?

दोन्ही ॲल्युमिनियमचे, हलके आणि खिशाला परवडणारे. काठी सहसा वॉकरपेक्षा स्वस्त पडते, पण केवळ किमतीवरून ठरवू नका.

एकच पाय किंवा गुडघा कमजोर असेल आणि तोल बऱ्यापैकी सांभाळता येत असेल, तर काठी पुरते. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. बरेच जण दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि सगळा भार त्याच पायावर येतो! दुसरा हात मोकळा राहतो, जिन्याचा कठडा पकडता येतो.

दोन्ही पायांत जोर नसेल, तोल जात असेल किंवा नुकतंच खुब्याचं ऑपरेशन झालं असेल, तर वॉकरच घ्या. तिथे काठीवर पैसे वाचवणं मला मुळीच पटत नाही. मात्र वॉकरने दोन्ही हात अडकतात, जिन्यावर तो धोक्याचा, आणि जुन्या चाळीतल्या न्हाणीघराच्या दारातून जाईलच असं नाही. आधी दार मोजा.

उंची दोन्हींची सारखीच बघायची: चप्पल घालून सरळ उभं राहून हात खाली सोडला की काठीची किंवा वॉकरची मूठ मनगटाच्या रेघेशी यावी. तळाची रबरी बुचं झिजली की ओल्या फरशीवर घसरतात, ती वेळेवर बदला.

महाराष्ट्रात वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल, तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत अशा साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये थेट बँक खात्यात मिळतात. अर्जासाठी समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.