अंगण चौकोनी, कुंपण गोल: वायरलेस फेन्स आठ महिने वापरल्यावर

आठ महिने झाले आमच्याकडे कुत्र्यासाठी वायरलेस फेन्स, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं कुंपण लावून, आता बोलायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर "पैसे पाण्यात" असं लिहिलं असतं, दुसऱ्या महिन्यात "डोळे झाकून घ्या" असं, आणि दोन्ही खोटं ठरलं असतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे त्रास झाले त्यातले निम्मे तरी आमच्याच बावळटपणामुळे झालेत.

आधी कुत्र्याची ओळख. बंड्या, वय तीन वर्षं, वजन २२ किलो, जात म्हणाल तर सगळ्यांची थोडी थोडी. स्वभावाने गरीब पण मांजर दिसलं की कान बंद. घरामागे भिंत आहे, बाकी तीन बाजू मोकळ्या, आणि समोर रस्ता. दोनदा तो गाडीखाली येता येता वाचला तेव्हा हे सगळं शोधायला सुरुवात केली.

मशीन दिसायला साधंच. घरात एक ट्रान्समीटर प्लगला लावायचा, तो चारी बाजूंना रेडिओ सिग्नल सोडतो, आणि कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्यात रिसीव्हर असतो. पट्ट्याला सिग्नल नीट मिळतोय तोवर तो गप्प, सिग्नल कमजोर झाला की आधी बीप, आणि तरीही कुत्रा पुढे गेला तर झटका. जमिनीत वायर पुरायची जी जुनी पद्धत आहे तिचं बरोबर उलटं असतं, तिथे वायरच्या जवळ गेलं की पट्टा वाजतो. (ही वायरवाली कल्पना काही आजची नाही, अमेरिकेत रिचर्ड पेक नावाच्या माणसाने १९७३ साली तिचं पेटंट घेतलेलं.) आता हे उलटसुलट प्रकरण मला घेताना अजिबात महत्त्वाचं वाटलं नव्हतं, आणि नंतर सगळं रामायण त्यावरूनच झालं. वायर तुटली तर कुत्रा मोकळा सुटतो, एवढंच. पण आमच्यासारख्या रेडिओवाल्या फेन्समध्ये मधे काही आडवं आलं आणि सिग्नल अडला, तर पट्ट्याला वाटतं कुत्रा बाहेर गेला, आणि बिचारा अंगणाच्या मधोमध बसलेला असताना झटका खातो.

आमच्याकडे हे झालं. एका बाजूला पत्र्याची शेड आहे आणि तिच्या मागे, घरापासून जेमतेम चाळीस फुटांवर, सिग्नल मरतो. आम्हाला माहीत नव्हतं. झेंडे (हद्द कुठे आहे ते दिसावं म्हणून जमिनीत रोवायच्या छोट्या खुणा) लावताना मी पट्टा हातात धरून सगळीकडे फिरले होते, पण शेडच्या मागे गेलेच नाही, कोण जातंय तिथे! बंड्या जातो. झटका चालू केल्यावर काही दिवसांनी तिथून किंचाळत आला आणि थेट पलंगाखाली. नंतर अजून एक गंमत, म्हणजे तेव्हा गंमत वाटली नव्हती, नवऱ्याने गाडी रोजच्या जागेऐवजी दाराजवळ लावली आणि त्या दिवशी पायऱ्या उतरतानाच पट्टा वाजला. ट्रान्समीटर खिडकीखाली, खिडकीबाहेर गाडी, म्हणजे सिग्नलसमोर लोखंडाची भिंतच उभी केली आम्ही. त्यानंतर तीन दिवस बंड्या पायरीवरून खाली उतरेना, उचलून न्यावं लागलं, २२ किलो.

तर पहिला धडा असा की ट्रान्समीटर फ्रिज, लोखंडी कपाट, पत्र्याचं दार यांच्यापासून लांब ठेवा आणि पट्टा हातात घेऊन सगळं अंगण पायाखाली घाला, कुत्र्याच्या गळ्याच्या उंचीवर धरून, म्हणजे वाकून. गाडी आत असताना एकदा आणि बाहेर असताना एकदा. पाठ दुखते. पण मी उभं राहून हात खाली सोडून मापलेलं आणि वाकून मापलेलं यात चार-पाच फुटांचा फरक आला. शिवाय रेषा अशी कुठे ठाम नसतेच, आज इथे बीप झाला तर उद्या दोन-तीन फूट अलीकडे होतो, चढउताराची जमीन असेल तर आणखी घोळ. त्यामुळे रस्त्याला अगदी चिकटून हद्द ठेवायचा मोह आवरा.

आता गोलाचा प्रश्न, जो घेताना मला कोणीच सांगितला नाही. रेंज आमच्या मॉडेलची जास्तीत जास्त ९० फूट, म्हणजे पूर्ण ठेवली तर पंचवीस हजार चौरस फूट, अर्ध्या एकराच्या वर. ऐकायला भरपूर. पण हा सिग्नल गोल पसरतो आणि जगातली बहुतेक अंगणं चौकोनी असतात! चौरसात बसणारं मोठ्यात मोठं वर्तुळ घेतलं तरी ते ७८ टक्के जागा व्यापतं, चारी कोपरे गेले. आणि हे सुद्धा ट्रान्समीटर बरोबर मध्यावर असेल तर, कारण घर कुठे अंगणाच्या मध्यावर असतं? आमचं मागच्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे अर्धा गोल भिंतीपलीकडे फुकट जातो आणि समोर जेवढी जागा हवी तेवढी मिळत नाही. रेंज वाढवली की ती चहूबाजूंनी वाढते, फक्त एका बाजूची हद्द मागे घ्यायची सोयच नाही, घ्यायची असेल तर ट्रान्समीटरच हलवा. लांबट अरुंद जागा असेल तर या प्रकाराच्या नादी लागूच नका.

झटक्याबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगते. मी स्वतःच्या हातावर लावून बघितला. सगळ्यात खालच्या लेव्हलला स्वेटर काढताना चट् होतं तसं, मधल्या लेव्हलला मी "आई गं" म्हणाले, वरच्याला लावलाच नाही. आपल्या घरातल्या विजेचा शॉक लागतो तसला हा प्रकार नाही, करंट अगदी कमी असतो, पण म्हणून तो काहीच नाही असंही नाही, त्रासदायक वाटावा म्हणूनच तो बनवलेला असतो. वेल्समध्ये २०१० पासून कुत्रा-मांजरांना झटका देणारे पट्टे वापरायला बंदी आहे आणि त्यात ही कुंपणंही आली, तेव्हा ज्यांना हे पटत नाही त्यांना मी वेडं म्हणणार नाही. मलाही पूर्ण पटतं असं नाही. पण समोरच्या रस्त्याचाही विचार करावा लागतो.

ट्रेनिंग. पुस्तिकेत दोन आठवडे लिहिलेत, आम्हाला महिना लागला. आणि खरं सांगायचं तर कुत्र्याला आत ठेवतं ते हे ट्रेनिंग, मशीन फक्त आठवण करून देतं. बॉक्स उघडला, पट्टा घातला आणि दिलं सोडून असं केलंत तर कुत्र्याला फक्त एवढंच कळेल की अंगणात कधीही कुठेही काहीतरी चावतं. आम्ही रोज तीन वेळा दहा-पंधरा मिनिटं, दोरी वेगळ्या साध्या पट्ट्याला लावून (झटक्याच्या पट्ट्याला दोरी अडकवायची नाही, त्याची झटका देणारी धातूची टोकं मानेत रुततात), पहिला आठवडा झटका पूर्ण बंद आणि फक्त बीप. झेंड्याजवळ बीप झाला की मी पाठ फिरवून घराकडे पळायचे, तो मागे आला की खाऊ आणि कौतुक. शेजारच्यांना वाटलं असणार बाईचं डोकं फिरलंय. दुसऱ्या आठवड्यात तो बीप ऐकून स्वतःच वळायला लागला, मग झटका सगळ्यात खालच्या लेव्हलला चालू केला. पण त्या लेव्हलला तो नुसता मान खाजवायचा, मग कळलं की दाट केसांमुळे टोकं कातडीला पोचतच नाहीयेत. बॉक्समध्ये लांब टोकांचा दुसरा जोड असतो तो लावला, तेव्हा काम झालं. म्हणजे लेव्हल वाढवायच्या आधी हे बघा. झेंडे नंतर एक आड एक करत काढले.

एक गोष्ट कुठेच वाचली नव्हती. पट्ट्याची बॅटरी उतरायला लागली की तोही बीप करतो. आवाज वेगळा आहे म्हणे, मला तरी सारखाच वाटतो आणि बंड्यालाही. एकदा संध्याकाळी घरात झोपलेला असताना बॅटरीचा बीप झाला आणि हा उठून गोल गोल फिरायला लागला, कुठे वळायचं तेच कळेना. नंतर तर मायक्रोवेव्ह वाजला तरी घराच्या दुसऱ्या टोकाला. ते जायला दोन महिने गेले. आता बॅटरी उतरायची वाटच बघत नाही, ठरलेल्या दिवशी बदलतेच, आणि घरात आला की पट्टा खुंटीवर.

पट्टा काढायचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. तिसऱ्या महिन्यात मानेवर दोन लाल ठिपके दिसले, एकातून पाणी येत होतं. मी घाबरले, म्हटलं झटक्याने भाजलं. डॉक्टर म्हणाले हे भाजणं नाही, सतत दाबून कातडीचा रक्तपुरवठा बंद झाला की अशी जखम होते, झटका बंद असला तरी होईल. आम्ही आळसाने रात्रंदिवस घालून ठेवायचो. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की दिवसात बारा तासांच्या वर नाही आणि दर एक-दोन तासांनी पट्टा थोडा सरकवायचा, पण पुस्तिका वाचतं कोण! दोन आठवडे पट्टा बंद, मलम, आणि दोन आठवडे मी दोरी धरून अंगणात. टोक आणि कातडी यांच्यामध्ये एक बोट जाईल एवढंच घट्ट बांधायचं.

लाइट गेल्यावर काय, हा प्रश्न घ्यायच्या आधी विचारा. वर सांगितलं तसं सिग्नल नाही म्हणजे झटका, मग ट्रान्समीटरच बंद पडला तर? आमच्या मॉडेलमध्ये वीज गेली की पट्टा गप्प बसतो, झटका देत नाही, पण मग कुंपणही नाही. आता इन्व्हर्टरवर घेतलंय.

आणि आता मुख्य. पळाला का? पळाला. चौथ्या महिन्यात, मांजरामागे. बीप ऐकला, मी गॅलरीतून बघत होते, कान हलले त्याचे, आणि तरी गेला. रेषेवर एकदा कळवळला पण वेग एवढा होता की दोन ढांगांत पलीकडे. आमच्या पट्ट्यात अर्धा मिनिट झाल्यावर झटका आपोआप थांबतो, नाहीतर कुत्रा बाहेर असेपर्यंत बसत राहील, तेवढी अक्कल ठेवलीये. मांजर गेलं झाडावर, आणि बंड्या रस्त्यापलीकडे उभा, घराकडे तोंड करून, शेपूट पोटात. मी हाका मारतेय, खाऊचा डबा वाजवतेय, येईना. येईल कसा, त्याला माहितीये की त्या रेषेवर काय होतं. बाहेर जाताना मांजर होतं, आत यायला फक्त मी. शेवटी रस्ता ओलांडून गेले, पट्टा काढला आणि दोरीने आणला. या एका गोष्टीसाठी तरी हे कुंपण एकट्या कुत्र्याच्या भरवशावर सोडू नका, घरात कोणी नाही तेव्हा तर नाहीच.

नंतर वाचताना सापडलं की अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या नियतकालिकात २०१७ साली यावर एक अभ्यास आला होता, त्यात इलेक्ट्रॉनिक कुंपणातल्या ४४ टक्के कुत्र्यांनी कधी ना कधी पळ काढला होता आणि खऱ्या कुंपणातल्या २३ टक्क्यांनी. म्हणजे आमचा बंड्या काही जगावेगळा नाही.

बाहेरून आत येणाऱ्याला तर हे कुंपण दिसतच नाही. भटकी कुत्री आरामात येतात. एकदा दोन आली, बंड्या मागे सरकत सरकत हद्दीपर्यंत गेला आणि तिथे बीप. पुढे ती दोघं, मागे झटका. मी झाडू घेऊन धावले म्हणून निभावलं. शिवाय समोरून कोणी जाताना तो भुंकत रेषेवर जायचा, झटका खायचा, आणि हळूहळू त्याच्या डोक्यात माणूस आला की दुखतं असं बसायला लागलं, निदान मला तसं वाटलं, कारण आधी कधी न गुरगुरणारा कुत्रा पार्सलवाल्यावर गुरगुरला. तेव्हा ट्रान्समीटर आतल्या खोलीत नेला आणि हद्द रस्त्यापासून चांगली वीस फूट मागे घेतली. त्यात शेडमागचा सिग्नलही सुधारला. गुरगुरणं कमी झालं. ज्यांचा कुत्रा मुळातच माणसांवर धावून जातो त्यांनी हे घेऊच नये, आणि सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लालाही नको.

जीपीएसवालं घ्यावं का असं विचाराल तर मैत्रिणीकडे आहे, तिची जागा मोठी आणि मोकळी आहे. फोनवर बोटाने हवी तशी हद्द काढता येते, गोल-बिलची भानगड नाही, पण पट्टा रोज चार्ज करावा लागतो आणि जीपीएस उघड्यावर सुद्धा काही मीटर इकडेतिकडे होतं, झाडाखाली आणि भिंतीजवळ तर जास्तच. आमच्याएवढ्या जागेत काही मीटर म्हणजे अर्धं अंगण.

मग एवढं सगळं होऊन परत घेईन का? घेईन, पण फेन्स म्हणून नाही, बीप करणारा पट्टा म्हणून. गेले दोन महिने झटका बंदच ठेवलाय, नुसत्या बीपवर तो दहातल्या नऊ वेळा वळतो, आणि त्या दहाव्या वेळेसाठी मी अंगणात खुर्ची टाकून बसलेली असते. रस्त्याच्या बाजूला खरी जाळी लावायचं ठरलंय, खांब येऊन पडलेत.

शेडमागे आता सगळीकडे सिग्नल पोचतो, मी पुन्हा वाकून मापलंय, एकदाही बीप होत नाही. ट्रान्समीटर हलवून तीन महिने होऊन गेले. बंड्या अजून तिथे जात नाही. चेंडू तिकडे गेला की कडेला उभा राहून माझ्याकडे बघतो, आणि मलाच जाऊन आणावा लागतो.